आईचे आठ सेकंद

गच्चीवरच्या डिशची दिशा नीट करायला म्हणून बाबा स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, पाय उशीवर आणि मुक्काम मागच्या खोलीत. टीव्ही पुढच्या खोलीत, भिंतीला ठोकलेला. "तो तिथून हलणार नाही," आईने आधीच जाहीर केलं. आणि क्रिकेटशिवाय सहा आठवडे काढायची बाबांची तयारी नव्हती.

घरातला प्रिंटर एकदा माझ्या हातून सुरू झाला होता, तेव्हापासून असली कामं माझ्याकडे येतात. मी नई सडकेवरच्या एका दुकानातून एक लहानशी डबी आणली. डिशची दुसरी वायर तिच्यात घालायची, डबी राउटरला जोडायची, की घरच्या वायफायवरून सगळे चॅनल लॅपटॉपवर दिसतात. "पाँच मिनट का काम है, मैडम," दुकानदार म्हणाला होता.

पहिला अख्खा दिवस लॅपटॉपला ती डबी सापडेचना. मी वायरी काढल्या, घातल्या, राउटर दहादा बंद-चालू केला. संध्याकाळी कळलं, लॅपटॉप आमच्या वायफायवर नव्हताच. शेजारच्यांच्या वायफायवर होता, आणि बहुतेक दिवाळीपासून.

दुसऱ्या दिवशी चित्र आलं, पण बोलर धावत यायचा, हात वर करायचा आणि तसाच उभा राहायचा.

"अडकला!" बाबा ओरडायचे.

मी राउटर फ्रीजवरून कपाटावर नेला, कपाटावरून दाराशी आणला. बोलर काही हात खाली घेईना. शेवटी पुन्हा नई सडक. दुकानदाराने न बघताच सांगितलं, "बफर बढ़ा दीजिए. थोड़ा पीछे चलेगा, पर रुकेगा नहीं."

मी आठ सेकंद टाकले. चित्र पाण्यासारखं वाहू लागलं आणि मी स्वतःवर फार खूश झाले.

रविवारी दुपारी मॅच होती. मी पुढच्या खोलीत टीव्हीसमोर, आई तिथेच मेथी निवडत. आईला क्रिकेटचा मनापासून कंटाळा. ती बाबांसाठी चहा घेऊन उठली, तेवढ्यात टीव्हीवर कॅच उडाला. आई चार पावलं चालून मागच्या खोलीत गेली आणि सहज म्हणाली, "गेला वाटतं हा."

"कोण गेला? अजून बॉल टाकायचाय," बाबा म्हणाले. मग बॉल पडला, कॅच उडाला आणि तो गेला. बाबा लॅपटॉप सोडून आईकडे बघत राहिले.

"अगं, तुला कसं कळलं?"

आईलाही कळलं नव्हतं. ती माझ्याकडे आली, मी हसत हसत तिला आठ सेकंदांचं गणित सांगितलं. तिने मेथीची परात बाजूला सारली. "हे तू दुरुस्त करणार नाहीस," ती म्हणाली.

त्यानंतर आईच्या खेपा सुरू झाल्या. टीव्हीवर बघायचं, लगबगीने आत जायचं. "आता सिक्सर." "हा सुटणार हातातून." तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेले माझे बाबा अक्षरशः अवाक. मावशीला फोन करून म्हणाले, "तुझ्या बहिणीची नजर काय आहे, तुला माहीत नाही. मलाही नव्हतं."

मला वाईट वाटायला लागलं होतं. आईला अजिबात नाही.

तिसऱ्या मॅचला बाबांनी मला हाक मारली. "शेजारचे लोक बॉल पडायच्या आधीच का ओरडतात?"

आई दारातच उभी होती. बाबांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. शेजारी पुन्हा आरडाओरडा झाला, बाबा सेकंद मोजू लागले. लॅपटॉपवर चौकार गेला.

"आठ," बाबा म्हणाले.

आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण बाबा असे हसले, असे हसले, की उशीवरून पाय घसरला आणि "आई गं!" म्हणून परत हसले.

"मी जाते," आई म्हणाली.

"जातेस कुठे? बस इथे. आता दोघं एकदमच बघू."

आई कॉटच्या कडेला बसली. बॅट्समनच्या पायाला बॉल लागला, अंपायरने बोट वर केलं.

"अहो, पायाला तर लागला. याला आऊट का दिलं?"

इतक्या वर्षांत बाबांना हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी आवाज बंद केला. औषधांच्या तीन बाटल्या मांडून स्टंप केले, चमच्याची बॅट केली आणि समजवायला सुरुवात केली. आईच्या शंका संपेनात, बाबांची उदाहरणं संपेनात. मी पुढच्या खोलीत एकटीने मॅच पाहिली.

बऱ्याच वेळाने आतून बाबांचा आवाज आला, "काय गं, कोण जिंकलं?"

मी ओरडून सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले, आणि पुन्हा आईला म्हणाले, "हं, तर समज, बॉल लेगच्या बाहेर पडला..."