कपाळावरचा बाम

रंगाऱ्याच्या बायकोला नवऱ्याची डोकेदुखी प्रिय होती, असं कुणी म्हटलं तर ती अंगावर धावून येईल. पण होती. बारा वर्षं तो छतं रंगवून संध्याकाळी घरी यायचा, उजवं कानशील दाबत खाटेवर टेकायचा आणि ती शिलाई मशीन थांबवून बामाची डबी उघडायची. एरवी धड दोन शब्द न बोलणारी ती दोघं त्या पंधरा मिनिटांत सगळं बोलून घ्यायची.

मग कुणीतरी त्याला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात धाडलं. तिसऱ्या खेपेला स्वारी शीळ घालत परतली.

"अगं, मूळ डोक्यात नव्हतंच! मान वर करून रोलर फिरवतो ना, त्यानं खांद्याच्या स्नायूत गाठ धरलेली. त्या बाईंनी तिथं अंगठा दाबला आणि कळ थेट कानशिलात!"

"बाईंनी? वय काय त्यांचं?"

"विचारलं नाही बुवा."

"शर्ट काढायचं मात्र बरं सुचलं तुम्हाला!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण बारा वर्षं भलत्याच जागी चोळत बसलो आणि ही कोण कुठली अंगठेवाली तीन खेपांत बाजी मारून गेली! आता तो आल्या आल्या टीव्ही लावायचा. डबीवर धूळ साचली.

पुढच्या खेपेला ती सोबत गेली, त्या बाईला एकदा बघून घ्यायला. अंगठेवाली निघाली साठीची, जाड भिंगांची. खरं तर तिथं जळफळाट थांबायला हवा होता. कसला थांबतोय! त्या अंगठ्यांकडे बघून तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी तिचाच हात धरून नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर ठेवला. "चिमटीत धरा. दोरीसारखं लागतंय? त्यात वाटाण्याएवढं कडक?"

तिनं दाबलं. "आई गं, कानशील!" रंगारी ओरडला.

"हेच घरी करा. सोसेल इतकंच, अर्धा मिनिट. आणि ह्यांना मधूनमधून मान खाली घ्यायला सांगा."

तिनं ते इमानेइतबारे केलं. काही आठवड्यांत वाटाणा विरघळला, डोकं दुखायचं थांबलं आणि अर्ध्या मिनिटाचंही काम उरलं नाही. अंगठेवालीला हरवायच्या नादात तिनं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

एका संध्याकाळी त्यानं टीव्ही लावला नाही. खाटेवर टेकत म्हणाला, "आज जरा दुखतंय गं."

तिनं लगबगीनं उजवा खांदा चिमटीत धरला. दोरी नाही, वाटाणा नाही. सगळा स्नायू मऊ. तरी तिनं दाबून विचारलं, "कानशिलात जातंय का?"

"जातंय तर! चांगलंच जातंय."

"कुठल्या?"

त्यानं डाव्या कानशिलावर बोट ठेवलं.

तिनं फडक्यानं डबीवरची धूळ पुसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डाव्या कानशिलाला बाम चोळायला लागली.