माझ्या मापाचा गोळा

मी गोळाफेकीकडे वळले ती पाण्यामुळे. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी वरच्या टाकीचं पाणी गेलं आणि खालच्या नळावरून बादल्या भरून न्यायची वेळ आली. इतर मुली दोघी मिळून एक बादली उचलत होत्या. मी दोन हातांत दोन घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले, परत आले, पुन्हा गेले. आमच्या ड्रिलच्या बाई जिन्याशी उभ्या होत्या.

"दमली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"घरी रोज असतं, बाई. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

बाईंनी माझं मनगट हातात घेऊन पाहिलं, भाजीवाल्याकडे दुधी बघावा तसं. मग म्हणाल्या, "गोळाफेक करशील?"

तेव्हा मी नववीत होते. डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत माझ्या वयाच्या मुली शिवण शिकत होत्या, काहींची लग्नं ठरत होती. माझी उंची आणि खांदे हा आईच्या काळजीचा विषय होता. त्या खांद्यांना काही उपयोग आहे असं सांगणारं पहिलं माणूस म्हणजे त्या बाई. मी लगेच हो म्हणाले.

शाळेकडे एकच गोळा होता, तोही मुलांचा, आणि तो मुलांच्याच ताब्यात असायचा. बाई म्हणाल्या, सरावाला स्वतःचा असलेला बरा. मी घरी सांगितलं. आई कोकणातून येऊन पंधरा वर्षं झाली तरी गावचंच बोलायची. ती म्हणाली, "चेडवाच्या जातीन लोखंड फेकूचा? आणि लागला कोणाक तर?" बाबा मिलच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. ते जेवता जेवता एवढंच म्हणाले, "रविवारी बघू."

रविवारी आम्ही दोघं धोबीतलावाजवळच्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. बाबांबरोबर मी एकटी अशी कुठे गेल्याचं मला आठवत नव्हतं. दुकानदाराने आतून तीन गोळे आणून गोणपाटावर ठेवले. सोळा पौंडांचा, बारा पौंडांचा आणि आठ पौंडांचा.

"मुलीसाठी ना? मग हा आठवाला घ्या," तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कुठला?"

असं मला कुणी विचारत नसे. माझं परकराचं कापड आई आणायची, चपला पावसाळ्याआधी एकदा बाबा आणायचे, एक माप मोठ्या. मला काय हवं हे विचारण्याचा प्रसंगच येत नसे. त्यामुळे ते दोन शब्द ऐकून मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं, आणि त्या भरात मी चुकले. आठाचा गोळा उचलून पाहिला तर कळशीपुढे तो काहीच वाटला नाही. बाराचा उचलला. तोही उचलला गेला. दुकानदार बघत होता. मी म्हणाले, "हा."

"बघ हां," बाबा म्हणाले. "नक्की?"

"नक्की."

कळशी कमरेवर धरणं वेगळं आणि लोखंड मानेशी धरून एका हाताने ढकलणं वेगळं, हे मला त्या दुकानात कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

पहिल्या आठवड्यातच मनगट सुजलं. मी कुणाला बोलले नाही. पोळ्या लाटताना दुखायचं तर डावा हात पुढे करायची. शाळेच्या मागच्या पटांगणात मी तो गोळा ढकलायची आणि तो माझ्या पायांपुढे थोड्या अंतरावर धप्प पडायचा. बाईंना चार-पाच दिवस वाटलं की मला तंत्र कळत नाही. मग एक दिवस त्यांनी स्वतः तो गोळा उचलला.

"हा कितीचा आहे?"

"बाराचा," मी पुटपुटले.

"बाराचा? हा मुलांचा आहे. स्पर्धेत मुलींना आठाचा देतात." त्यांनी माझं मनगट पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "हे कधीपासून?"

मला वाटलं, आता ओरडतील. त्या मला पायरीवर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "गोळा तळहातात नाही बसत, बोटांच्या मुळाशी बसतो. तिथे ठेवून हात वर करायचा आणि सावकाश दहा आकडे मोजायचे. बोटं उघडली किंवा कोपर खाली आला, तर तो गोळा आपला नाही. यात लाज कसली? आपल्याला झेपणाऱ्या गोळ्यावर शिकायचं. न झेपणाऱ्यावर नुसतं दुखणं शिकतो माणूस."

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना गोळा जड जातो एवढंच सांगितलं; दुकानदाराचा आठाचाच बरोबर होता, हे कबूल करवेना. माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, तुलाच विचारलं होतं ना. त्यांनी गोळा हातात घेऊन फिरवला, नखाने टिचकी मारून पाहिलं. "ओतीव आहे, भरीव. लेथवर तासून वजन उतरवता येईल," ते म्हणाले. "आमच्या खात्यातला टर्नर करील. साहेबाला विचारतो."

साहेबाने परवानगी दिली. जेवणाच्या सुट्टीत टर्नरकाका थोडं थोडं लोखंड उतरवायचे, बाबा मिलच्या काट्यावर गोळ्याचं वजन करायचे, आणि गेटवर झडती असते म्हणून साहेबाच्या सहीची चिठ्ठी घेऊन गोळा घरी आणायचे. पहिल्यांदा आणला तेव्हा तो दहा पौंडांचा झाला होता. मी गॅलरीत उभी राहून तो बोटांच्या मुळाशी धरला. सहा म्हणेपर्यंत बोटं उघडली. "जड," मी म्हणाले. बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तो डब्याबरोबर पिशवीत घातला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आमच्या नाक्यावर संध्याकाळी सभा असायच्या, सकाळी हरताळ. मोर्चा निघाला की चाळीतली अर्धी माणसं त्यात असत. बाबाही जायचे. त्यांना घोषणा द्यायला लाज वाटायची म्हणून ते मधल्या रांगेत नुसते चालायचे. मग लाठीमार व्हायचा, दगड पडायचे, दुकानांच्या फळ्या लागायच्या, शाळा दोन-दोन दिवस बंद. माझ्या गोळ्याचा आणि या सगळ्याचा काही संबंध येईल असं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

एका दुपारी बाबा पाळी सुटल्यावर आले नाहीत. चार वाजले, साडेचार झाले. मग खालच्या मजल्यावरचे एक काका धापा टाकत वर आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. त्यांना चौकीवर बसवून ठेवलंय. रस्त्यात झडती चालली होती, पिशवीत लोखंडाचा गोळा सापडला."

 आईने पदर खोचला आणि ती मला म्हणाली, "तुझो गोळो तो. चल माझ्यावांगडा."

मी आधी शाळेचा निळा स्कर्ट आणि कॅनव्हासचे बूट घातले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. बहुधा मला वाटलं असावं की मी शाळेतली मुलगी दिसले तर गोळाही शाळेतला दिसेल.

चौकीत बाबा बाकावर बसले होते, डबा मांडीवर घेऊन. त्यांना कुणी मारलं नव्हतं, पण ते इतके लहान होऊन बसले होते की मला त्यांच्याकडे बघवेना. टेबलावर माझा गोळा होता आणि त्याच्याखाली मिलची चिठ्ठी. टेबलामागे एक वयस्क हवालदार बसले होते.

"साहेब, तो माझा आहे," मी म्हणाले.

"तुझा?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू काय करतेस याचं?"

"फेकते."

हा शब्द तिथे किती वाईट ऐकू गेला ते माझ्या उशिरा लक्षात आलं. शेजारचा शिपाई हसला. हवालदार हसले नाहीत. "काल याच रस्त्यावर आमच्या तीन माणसांची डोकी फुटली," ते म्हणाले. "चिठ्ठी काय, कुणीही लिहून देतो. मुली गोळे फेकतात हे मी तरी कधी पाहिलं नाही."

"शाळेत असते स्पर्धा. बाईंना विचारा."

"बाई कुठे आहेत आता?"

शाळा तर बंद होती. बाईंचं घर दादरला होतं, पण ते मी पाहिलं नव्हतं. तेव्हा बाबा बाकावरून पहिल्यांदा बोलले. "साहेब, तिला फेकून दाखवू दे. तुम्हाला दिसेल."

चौकीच्या मागे थोडी मोकळी जागा होती. तिथे मोडक्या सायकली होत्या, कोपऱ्यात पिंपळाचं रोप. हवालदारांनी शिपायाला एका बाजूला उभं केलं. आई दारात थांबली. मी गोळा उचलला. तो आणखी लहान झाला होता. नंतर कळलं की त्या दिवशी तो नऊ पौंडांवर आला होता. मी पाठमोरी उभी राहिले, गोळा मानेशी लावला, गुडघा वाकवला आणि वळून ढकलला.

तो गेला. पायापुढे पडला नाही, हवेतून गेला आणि मातीत रुतला. मनगट दुखलं नाही. इतके दिवस बाई जे सांगत होत्या ते माझ्या अंगाला त्या क्षणी कळलं.

हवालदार चालत गोळ्यापर्यंत गेले, त्यांनी पावलं मोजली, गोळा उपटला आणि हातात तोलत परत आले. "दगड असता तर रस्त्यापलीकडे गेला असता," ते शिपायाला म्हणाले. "याने कुणाचं डोकं फोडायचं तर त्याला आधी जवळ बोलवावं लागेल." मग त्यांनी तो बाबांच्या पिशवीत स्वतः ठेवला. जाताना बाबांना हळूच म्हणाले, "राग मानू नका. माझ्याही घरची माणसं मोर्चात असतात. मी इकडे उभा असतो."

बाबांनी त्यांना हात जोडले. मला तेव्हा त्याचा राग आला. ज्या माणसाने दोन तास बसवून ठेवलं त्याला हात कशाला जोडायचे? पुढे खूप वर्षांनी, नोकरीत मलाही न पटणारी कामं करावी लागली तेव्हा, त्या हवालदारांचा चेहरा मला नीट आठवायला लागला.

परत येताना आई पुढे झपाझप चालत होती. बाबा आणि मी मागे. नाक्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "आता बरोबर आहे? की अजून काढायचं?"

मला पटकन हो, बरोबर आहे, म्हणायचं होतं. एवढं सगळं त्या गोळ्यापायी झालं होतं. शिवाय तो नीट गेला होता, चौकीतल्या माणसांसमोर गेला होता. पण फेकताना शेवटच्या क्षणी माझा कोपर किंचित खाली आला होता. ते कुणाला दिसलं नव्हतं. मला माहीत होतं.

"अजून एक पौंड काढा," मी म्हणाले.

बाबा थांबले. "काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. उद्या हलका वाटला तर?"

"नाही वाटणार. कोपर पडतो माझा."

 दुकानात त्यांनी विचारलं होतं, बघ हां, नक्की? या वेळी तसं विचारलं नाही. म्हणाले, "आणि वरून कसा हवा? घासून गुळगुळीत करायला सांगू?"

"नको. घामाने सटकतो. थोडा खरखरीत राहू दे."

"बरं," ते म्हणाले, एखाद्या कारागिराने गिऱ्हाईकाचं ऐकावं तसं.

चार दिवसांनी आठ पौंडांचा गोळा घरी आला. टर्नरकाकांनी त्यावर कसलीही खूण केली नव्हती, नाव घातलं नव्हतं. मी तो बोटांच्या मुळाशी धरून हात वर केला आणि दहापर्यंत मोजलं, मग अकरा, बारा. आई चुलीपासून बघत होती. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या खेपांतल्या दोन खेपा तिने स्वतः केल्या.

शाळांच्या स्पर्धा गडबडीमुळे दोनदा पुढे गेल्या. शेवटी परळच्या एका मैदानात झाल्या तेव्हा बाबांची पहिली पाळी होती, ते येऊ शकले नाहीत. मी तिसरी आले. सव्वीस फूट. बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि लगेच पुढच्या शर्यतीच्या मुलींना ओळीत उभं करायला निघून गेल्या.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सव्वीस फूट म्हणजे किती?"

मला ते नीट सांगता येईना. तेव्हा ते गॅलरीत गेले, आमच्या उंबऱ्याशी टाच लावली आणि पावलापुढे पाऊल ठेवत चालू लागले. शेजारची माणसं दारात येऊन बघायला लागली. चौथ्या खोलीच्या दाराशी ते थांबले.

"इथपर्यंत?"

"इथपर्यंत."

"आणि पैली इली तिचो?" आईने आतून विचारलं.

"चौतीस."

बाबा आणखी आठ पावलं मोजत गेले. तिथे पाचव्या खोलीतल्या आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सरकवून बाबांना उभं राहायला जागा करून दिली. बाबा तिथे उभे राहिले आणि वळून आमच्या दाराकडे, माझ्याकडे बघू लागले. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. ते अंतर मला त्या दिवशी फार वाटलं नाही.

चौतीस मी कधीच फेकला नाही. पुढच्या वर्षी एकोणतीस गेला, त्यानंतर मॅट्रिकचं वर्ष आलं आणि मग सकाळच्या टायपिंगच्या क्लासाची घाई सुरू झाली. पण नऊचा आठ करायला सांगितल्याची रुखरुख मला कधी लागली नाही.