मागची सीट

मोटारसायकलींच्या सीटा शिवण्यात त्याची अर्धी हयात गेली, पण स्वतःच्या बुडाखाली अजून सायकलच होती. बाजारात आलेली प्रत्येक गाडी कधी ना कधी त्याच्या गाळ्यापुढे उभी राहायची. फाटलेलं रेक्झीन सोलता सोलता तो तिच्यात खोट काढायचा. हिचा ब्रेक पोचट, ती पेट्रोल फार पिते. आणि वर ठरलेलं वाक्य, "थांबा जरा, सुधारलेलं मॉडेल येतंय." पैशांचं अडलं नव्हतं, अडलं होतं ते पसंतीचं. गल्लीने त्याचं नाव थांबाराव ठेवलं होतं. बायको म्हणायची, "माझ्या बाबतीत बरे थांबला नाहीत!"

वडिलांची मात्र एकच मागणी होती. त्यांची धाकटी बहीण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. दोन बस बदलून जाणं आता त्यांना झेपत नव्हतं. रिक्षाचं नाव काढलं की ते झटकून टाकायचे. "रिक्षाने काय, कोणीही जातं. मी मुलाच्या गाडीवर मागे बसून जाणार आणि तिच्या दारात उतरणार." जन्मभर दुसऱ्यांच्या मालाचे ट्रक हाकलेला माणूस तो. एकदा तरी आपल्या पोराने चालवावं आणि आपण ऐटीत बसावं, एवढीच हौस.

"पुढच्या वर्षी नक्की, बाबा," तो म्हणायचा. बाबा मान डोलवायचे.

शेवटी एकदाची त्याच्या मनासारखी गाडी आली. वडिलांना घेऊन तो शोरूममध्ये गेला. गाडी खरोखरच देखणी होती. मागची सीट पुढच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून पाय उचलला. पाय अर्ध्यावरच अडला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच.

"गाडी छान आहे. घेऊन टाक," ते म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

त्याला स्वतःचीच चीड आली. इतकी वर्षं त्याने ब्रेक पाहिले, टायर पाहिले, दिवे पाहिले. मागे कोण बसणार, हे सीटांच्याच धंद्यात मुरलेल्या माणसाने कधी पाहिलं नव्हतं.

सेल्समन लगबगीने पुढे आला. "काका, थोडं थांबता का? कमी उंचीचं मॉडेल येतंय."

"अजिबात नाही!" तो जवळजवळ ओरडलाच.

कोपऱ्यात सपाट सीटची एक साधी गाडी उभी होती. असल्या गाड्यांना तो आजवर नाकं मुरडत आला होता. त्याने वडिलांना तिच्यापाशी नेलं. पाय तिच्यावरूनही जाईना. दोष गाडीचा नव्हताच. दोन वर्षांपूर्वी हेच बाबा जिना धडाधड उतरायचे.

"एका बाजूला बसेन," वडील म्हणाले. "लोक हसले तर हसू देत."

त्याने तीच गाडी घेतली. पहिल्याच रविवारी दोघे निघाले. वडिलांनी सगळी वाट त्याचा शर्ट मुठीत धरला होता. आत्या दारातच उभी होती.

"अगं बाई! दादा, नवरीसारखा बसून आलास की!"

"काय करणार? आमच्या चिरंजीवांना गाडी पसंत पडेपर्यंत माझं टांग मारायचं वय निघून गेलं."

दोघं बहीणभाऊ खळखळून हसले. तोही हसला, पण वडिलांना आधार देऊन उतरवताना त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.