मावशीचे तळवे

सुभद्रामावशी माझ्या मनूला हात लावण्याआधी आपले दोन्ही तळवे तिच्यापुढं धरत. "बघ माय, कायबी लपवलं न्हाई." मनूनं मान हलवली तरच पुढं.

मनू पाच वर्षांची. श्वासासाठी तिच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली होती. कफ साचला की आत बारीक नळी घालून मशीननं ओढावा लागे, नाहीतर श्वास कोंडे. दवाखान्यात मला शिकवलं होतं, पण मला ते नीट जमायचं नाही. मी म्हणायचे, "दुखत नाही गं, झालंच." तिला दुखायचं. मग मला बघितलं की ती हनुवटी छातीशी दाबून नळी झाकून घ्यायची.

म्हणून दवाखान्यात आयाचं काम केलेल्या मावशी लातूरच्या आमच्या खोलीवर यायला लागल्या. त्या सांगत, "दुखनार हाय. तीन म्हनेपर्यंत. बोट वर केलंस की थांबते." आणि खरंच थांबत. शेजारच्या खोलीत क्लासच्या मुली डॉक्टर व्हायचं म्हणून मोठ्यानं पाठ करत. मावशी हसत, "लई पाठ करून राहिल्यात! लेकराला इचारून हात लावायचं कोन्या पुस्तकात हाय का, बघा म्हनावं."

एकदा मी म्हटलं, "इतकं खरं सांगितलं तर लेकरू भिईल की."

मावशी म्हणाल्या, "भूकंपात मी पडल्या घराखाली व्हते. वरून समदे म्हनायचे, आलोच, पाच मिनटं. दुपार झाली. मंग एक जन म्हनला, बाई, दगड मोठा हाय, येळ लागंल, पन मी हितून हालत न्हाई. त्याच्यावर जगले मी."

एक दिवस दुपार झाली तरी मावशी आल्या नाहीत. मनूची छाती घुरघुरू लागली, ओठ काळे पडायला लागले. हनुवटी खाली. "दुखत नाही" माझ्या तोंडात आलं होतं. मी तळवे पुढं धरले. दोन्ही कापत होते.

"मनू, दुखणार आहे. मलापण लई भीती वाटते."

तिनं तळव्यांकडं बघितलं आणि हनुवटी उचलली. एक. दोन. बोट वर आलं. मी थांबले. मग तिनं आपणहून बोट खाली घेतलं. तीन. कफ निघाला.

संध्याकाळी मावशींची सून आली. सकाळी चुलीपुढं बसल्या जागीच मावशी गेल्या होत्या. क्लासच्या मुली म्हणाल्या, "काकू, मनूला सांगा, गावाला गेल्या म्हणून."

मनू दाराकडं बघत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि तळवे पुढं धरले.