काकूंचा इंग्रजी चातुर्मास

आमच्या मजल्यावरच्या काकूंपेक्षा हट्टी माणूस जगात असलाच, तर तो अजून गुडगावात राहायला आलेला नाही. चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं. काकूंनी यंदा इंग्रजी धरलं. कारण त्यांची नात. ती ऑगस्टअखेर कॅनडाला शिकायला जाणार होती आणि दिल्लीत वाढलेल्या त्या पोरीचं मराठी झिजत झिजत ‘आजी, भूक लागली’ एवढ्यावर आलं होतं. “तिला येत नाही तर मी शिकते. फोनवर नुसतं हॅलो हॅलो करत बसू की काय?” काकू म्हणाल्या. इंग्रजीत एकाच ‘लुक’चं शेपूट बदललं की अर्थ बदलतो, हे नातीनंच सांगितलेलं. झालं! रोज एक शेपूट पकडायचं, ते योग्य माणसाला योग्य प्रसंगी ऐकवायचं आणि मगच जेवायचं, असा नेम ठरला. नातीनं कपाळाला हात लावला.

‘लुक इनटू’ म्हणजे चौकशी करणं. ते गार्डच्या वाट्याला आलं. आता तोच आम्हाला सांगतो, “मॅडम, लिफ्ट का लुक इनटू चल रहा है,” आणि लिफ्ट बंदच असते. तुच्छ लेखण्याचं भाजीवाल्याला मिळालं. “धनिया फ्री में नहीं दोगे? भैया, आप हमको लुक डाउन ऑन कर रहे हो!” त्यानं घाबरून मिरच्याही टाकल्या.

‘लुक आउट’ म्हणजे ‘सावधान!’ त्यानं मात्र अंत पाहिला. ते संकट आल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि संकट काही येईना. काकू दुपारपर्यंत उपाशी बाल्कनीत उभ्या. “आजच्या दिवस सोड की,” काका कळवळले. “नेम आहे. तुमच्या ऑफिससारखी हाफ-डे टाकायची सोय नाही!” शेवटी काकांच्या हातातल्या केळ्यावर माकड आलं. “लुक आउट!” काकू अशा आनंदानं ओरडल्या की माकडच पळालं. त्यांनी लगेच पान वाढून घेतलं.

‘लुक फॉरवर्ड टू’, म्हणजे आतुरतेनं वाट पाहणं, त्यांनी नात निघायच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. टॅक्सी आली, नात पाया पडली आणि काकूंनी तिला जवळ घेतलं. “नीट जा गं,” एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाल्या, “वाक्य राहिलंय माझं.” मी ताट तिथंच झाकून ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. काकू पदर सावरून ताठ बसल्या. “आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू यू,” एकेक शब्द जपून म्हणाल्या. पलीकडून नातीचा बारीक आवाज आला, “आजी... आता जेव ना गं.”