सुमन म्हणणारे वकीलसाहेब

माझ्या सुमनला सासरी जाळून मारलं. कल्याण कोर्टात तिची केस सरकारी वकिलांनी लढवली. डोकं पांढरं झालेलं, उभी हयात त्याच कोर्टात गेलेली. बाकी सगळे माझ्या पोरीला ‘मयत’ म्हणायचे. हे मात्र बोलायला उठले की आधी मागे वळून मला बघायचे आणि ‘सुमन’ म्हणायचे. समोरचा वकील एकदा चिडला, “अहो, मयत म्हणा ना!”

“तिचा बाप मागे बसलाय. मला नाही जमत,” साहेब म्हणाले.

तिच्या नवऱ्याला शिक्षा झाली, साहेब रिटायर झाले. मला त्रास नको म्हणून घरात आता तिचं नाव कोणी काढत नाही. कामाशिवाय कुणाच्या दारात जाणारा माणूस मी नाही, मग नुसतं तिचं नाव ऐकायला साहेबांकडे तरी कसा जाणार? पण जिंकलो तरी ती केस संपायला नको होती, असं वाटतं.