प्रार्थनेत न मिटणारा डोळा

"दोन्ही डोळे घट्ट मिटा," डॉक्टर म्हणाले.

मी मिटले.

"माझ्या हातात काय आहे?"

"पेन," मी म्हणालो, आणि उत्तर देऊन झाल्यावर मलाच धक्का बसला. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. "बेल्स पाल्सी," ते म्हणाले.

मला वाटलं, हे कुठल्या तरी पाहुण्याचं नाव. त्यांनी समजावलं. चेहरा हलवणारी एक नस कानामागून येते. तिला सूज आली की त्या बाजूचा चेहरा झोपतो. "हा मेंदूचा झटका नाही. त्यात भुवया उचलल्या की कपाळाला बहुधा आठ्या पडतात. तुमच्या कपाळाच्या डाव्या बाजूला एकही पडत नाही."

"म्हणजे ही चांगली बातमी?"

"चांगलीच. बहुतेकांचा चेहरा परत येतो."

'बहुतेकांचा' हा शब्द घेऊन मी घरी आलो.

तोंडावर माझं पोट होतं. बाजार खाडीपलीकडच्या मुंबईतून नुकताच वाशीला आला होता आणि मी कांद्याचा लिलाव पुकारायचो. आता चहा डाव्या कोपऱ्यातून शर्टावर यायचा. पापणी लवताना फक्त उजवी लवायची, त्यामुळे दिसेल त्याला मी डोळा मारत होतो. बाजारात एक व्यापारी बाजूला घेऊन म्हणाला, "दानूशेठ, मगापासून इशारा करताय, भाव तरी सांगा ना!" इस्पितळाच्या बाकावर रक्ततपासणीसाठी बसलो, तर समोरच्या बाई उठून दुसऱ्या बाकावर गेल्या. मी दिलगिरीने मान हलवली आणि पुन्हा डोळा मारला.

तुमच्यावर ही वेळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. 'वारं लागलंय' म्हणून जायफळ उगाळत बसू नका. आमच्या एस्तेरमावशींनी उगाळलं होतं. वास छान आला, बाकी काही नाही. मला सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, डोळ्यात थेंब, आणि झोपताना पापणीवर पट्टी. उघडा डोळा कोरडा पडू देऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

पण माझा खरा गोंधळ वेगळाच होता. वाशीत तेव्हा आम्हा मराठी ख्रिस्ती घरांना चर्च नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थनासभा भरायची, आणि तिथला मुख्य नट मी. माझी प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून सुरू व्हायची आणि मुद्द्यावर येईपर्यंत चहा दोनदा उकळायचा. लोक रडायचे. आता मी देवाला विचारत होतो, तुझ्यासाठी उघडत होतो तेच तोंड वाकडं केलंस? वर शांतता. मला वाटलं, माझे वाकडे उच्चार त्यालाही कळत नसावेत.

त्या शुक्रवारी सभा आमच्याच घरी होती, माझ्यासाठी. साळवेमास्तर म्हणाले, "दानियलभाऊ, आज तुम्ही गप बसायचं. आज आम्ही बोलणार." बायकांनी डोक्यावर पदर घेतले. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. डावा उघडाच राहिला.

इतकी वर्षं प्रार्थना केली, पण प्रार्थना करणारी माणसं मी कधी पाहिलीच नव्हती! साळवेमास्तर "हे दयाळू पित्या" म्हणत पायाचा अंगठा खाजवत होते. एस्तेरमावशींनी डोळे न उघडता चिवड्याच्या ताटलीवर झाकण सरकवलं. मला हसू येत होतं, तेही अर्धंच.

मग नजर रूथकडे गेली. माझी बायको सभेत कधी मोठ्याने प्रार्थना करायची नाही. शेवटी फक्त "आमेन". पदराखाली तिचे डोळे मिटलेले होते, आणि तोंड तिने एका बाजूला ओढून धरलं होतं. डावा गाल सैल, ओठाचा कोपरा खाली. हुबेहूब मी.

माझी नक्कल? माझ्याच सभेत?

सगळे गेल्यावर ती कप विसळत होती. मी विचारलं, "मास्तर प्रार्थना करत होते तेव्हा तू तोंड वाकडं का केलं होतंस?"

ती लाजली. "अगं बाई, तुमचा डोळा उघडा होता नाही का!" मग नळ बंद करून म्हणाली, "अहो, मला तुमच्यासारखे शब्द येत नाहीत. म्हटलं, देवाला नीट दाखवावं, कुठं बिघडलंय ते."

मी मोरीच्या दारात तसाच उभा राहिलो. चेहरा वाकडाच होता, 'बहुतेकांत' मी आहे की नाही हेही माहीत नव्हतं, आणि मला आनंद झाला होता. कारण शोधलं, सापडेना. देव इतका जवळ वाटला की त्याने कप मागितला असता तर मी पुसून हातात दिला असता. मी प्रार्थनेला तोंड उघडलं, आणि उत्पत्ती, राष्ट्रं, सरकार, काहीच आठवलं नाही. "बघ ना," एवढंच म्हणालो.

नंतर विजेचा शेक झाला, आरशासमोर गाल फुगवणं झालं, वाट पाहणं झालं. आनंद मात्र गेला नाही. तो गोळ्यांचा परिणाम तर नाही ना, असं मी डॉक्टरांना विचारलंही. ते म्हणाले, "असला तर मलाही हवाय." मग एका सकाळी दाढी करताना डावी भुवई थरथरली. हळूहळू चेहरा घरी परतला. ओठाचा कोपरा अजून जरा खालीच आहे. लिलावाला तेवढा चालतो.

डोळा पूर्ण मिटायला लागला त्यानंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा सभेत रूथशेजारी बसलो. दोन्ही डोळे मिटले. सगळा अंधार. देवाचे आभार मानायचे सोडून मनात एकच आलं, ही आता काय करत असेल? मी हळूच हात पुढे केला आणि तिच्या ओठांना बोट लावलं. ओठ सरळ होते. हसत होते.

"प्रार्थना चालू आहे," ती कुजबुजली.

"म्हणूनच," मी म्हणालो.